दोन्हीकडून एकटा ताहिर

हूरा, मनामा
९ एप्रिल १९९४

तीर्थरूप अण्णाकाकांना महादेवचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, काकूंचा दमा आणि तुमचे पक्षकार ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा. मी मजेत आहे असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरे म्हणजे डोके फिरायची वेळ आली आहे.

अक्षय्य तृतीयेला आपल्या अरुणाचे लग्न, आणि तिला सख्खा भाऊ मी एकटाच. करारात दोन वर्षांनी सुटी लिहिली आहे. मला तीस महिने झाले. पण पासपोर्ट मालकाच्या कपाटात, आणि त्याचे म्हणणे असे की ऐन उन्हाळ्यात एसी मेकॅनिक सोडला तर गिऱ्हाईके त्यालाच भाजून खातील. सप्टेंबरनंतर बघू, इंशाल्ला. (हा शब्द तो हसत म्हणाला की काम होत नाही, एवढे मला आता कळते.) मजूर कचेरीत तक्रार करावी तर अर्ज अरबीत हवा. वकील गाठावा तर त्याची वेळ आणि माझी शिफ्ट एकच. राहिला आमच्या ऑफिसातला क्लार्क ताहिर, रत्नागिरीकडचा. मालकाची सगळी पत्रे तोच लिहितो. मी त्यालाच गळ घातली. तो दोन दिवस माझी नजर चुकवत फिरला, आणि तिसऱ्या दिवशी त्याने असा अर्ज लिहून दिला की तो मराठीत सांगून दाखवताना माझेच डोळे भरून आले.

कचेरीतून मालकाला नोटीस गेली. मालकाने उत्तर लिहायला कोणाला बोलावले असेल? ताहिरलाच. बरे, त्याने ते वाईट लिहावे की नाही? नाही! माणूस कामाला चोख.

सुनावणीला कचेरीचा दुभाषा सुटीवर. (त्याला मिळते.) मग साहेबांनी ताहिरलाच उभे केले. त्याने माझी बाजू अरबीत मांडली, साहेबांनी मान डोलावली. मालकाची मांडली, साहेबांनी पुन्हा मान डोलावली. मग मालक काय म्हणतो ते मला मराठीत सांगताना त्याने बंद पडलेले एसी, घामाघूम म्हातारी माणसे असे काही सांगितले की मलाच मालकाची दया आली आणि मीही मान डोलावली. साहेबांनी ती मान लिहून घेतली. सप्टेंबर. खलास.

बाहेर आल्यावर मी ताहिरला नाही नाही ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "महादेव, मी दोन्हीकडे खरंच लिहिलं. पण तुझ्या बाजूनं भांडायला तिथं कोणी नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हा भला माणूस एकटा साहेबांकडे गेला आणि म्हणाला, दोघांच्या वतीने मी एकटाच बोललो, हे बरोबर झाले नाही. आता मंगळवारी नव्या दुभाष्यासमोर पुन्हा सुनावणी आहे. ताहिरला मालकाने गोदामात टाकले आहे. तिथे एसी नाही. मी रोज जाऊन पंखा दुरुस्त करून येतो, पण मनाला फार लागते.

काकूंना नमस्कार. अरुणाला सांगा, मी येतो आहे.

आपला,
महादेव

ता. क. आपल्या घराच्या वाटणीचे कागद तुम्ही माझ्यासाठीही करताय आणि संतोषदादासाठीही. "दोघे पुतणे माझेच, वकील एकच पुरे," असे तुम्ही लिहिलेत तेव्हा मला फार बरे वाटले होते आणि मी सही करून पाठवली. ती मी येईपर्यंत कपाटातच ठेवा. (तिसरा हिस्सा तुमचा स्वतःचाच आहे, हे मला काल अंघोळ करताना सुचले.)

आणखी एक. हे पत्र संतोषदादाला दाखवू नका. दाखवालच, म्हणून त्यालाही हेच लिहिले आहे : आम्हा दोघांपैकी एकाने दुसरा वकील बघावा. कोणी, ते चिठ्ठ्या टाकून ठरवू. फक्त चिठ्ठ्या तुम्ही लिहू नका.