कोपऱ्यातली जागा

न्यू टाउन, कोलकाता

तीर्थरूप बाबांना नूपुरचा नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं.

इथल्या हॉस्पिटलात औषधं पोचवणारे रोबो माणसांच्याच लिफ्टनं जातात. त्यांना शिस्त लावणं माझं काम. आधी ते मधोमध उभे राहायचे आणि व्हीलचेअरवाले बाहेर ताटकळायचे. साहेबांची बोलणी खाल्ली, ते जाऊ द्या. मग तुम्ही आठवलात. कचेरीची लिफ्ट चालवताना कुणी थकलेलं आलं, की तुम्ही स्टूल उचलून कोपऱ्यात सरायचात. आता रोबोही तसाच सरतो.

काल एक आजी त्याला म्हणाल्या, "बेंचे थाको." म्हणजे, खूप जग. तो आशीर्वाद तुमचा, म्हणून तुम्हाला पोचता करते.

आपल्या बिल्डिंगला अजून लिफ्ट नाही. तीन मजले थांबत थांबत चढता ना?

तुमचीच,
नूपुर