सोळा ओव्हर

९ जाने., शुक्र.
उद्या यांच्या ऑफिस टीमची शेवटची लीग मॅच. हे कॅप्टन, मेमध्ये रिटायर, म्हणजे हीच शेवटची स्पर्धा. मी स्कोअरर, बावीस वर्षं, बिनपगारी. ठाकूरद्वारच्या क्लासात दहावीला गणित शिकवते, म्हणून रनरेटही माझ्याच गळ्यात. जेवताना विचारलं, "गेल्या मॅचला ते लोक चौदा ओव्हरमध्येच ऑल आउट झाले. त्यांचे रन भागायचे चौदाने की वीसने? नियमांची पुस्तिका कुठाय?" तर म्हणे, "त्यात काय बघायचंय? खेळले तेवढ्याने भाग. गणिताची बाई ना तू?" भागलं चौदाने. त्यांची सरासरी फुगली, आमच्या सरासरीतून ती वजा केली तर आमचा रेट उणे आला.

१० जाने., शनि.
हरलो. समोरच्यांचे १४०. मध्यंतरात यांना चिठ्ठी दिली: नुसतं जिंकून भागणार नाही, सोळा ओव्हरमध्ये संपवा, नाहीतर रेटवर दुसरी टीम सेमीला जाते. बारा ओव्हरला २ बाद ८८. सावंत ४१ वर, एक-दोन एक-दोन मस्त चाललं होतं. यांनी पाण्याबरोबर निरोप धाडला, "आता मार म्हणावं." सावंतांनी मारला, लाँगऑनला कॅच. मग जो आला तो मारायलाच गेला. १०९ ऑल आउट. टॅक्सीत लालबाग येईपर्यंत यांचं एकच पालुपद, "सावंतने घात केला." मीही हो म्हटलं.

११, रवि.
आयोजकांचा तक्ता मोबाइलवर आला. आमचा रेट उणे ०.०८. माझ्या वहीत उणे ०.२९. तीनदा केलं, तेच. शेवटी पुस्तिका शोधली, यांच्या किटबॅगेत पॅडखाली होती. टीम ऑल आउट झाली की ओव्हर पूर्ण वीस धरायच्या. म्हणजे शनिवारी सकाळी आम्ही उणे नव्हतोच, चांगले अधिक होतो. विसाव्या ओव्हरच्या शेवटच्या बॉलवर जिंकलो असतो तरी सेमी आमचीच होती. कसली घाई, कसलं सोळा.
दुपारी जेवले नाही. पित्त झालंय म्हणून सांगितलं.

१२, सोम.
यांना सांगितलं. पेपर खाली ठेवला नाही.
"कोणाला बोलू नकोस."
"आणि सावंत?"
"त्याला टीममधून काढल्याची नोटीस आज लावली. आता ती फाडू? बायकोचं गणित चुकलं म्हणून सांगू? चार महिने राहिलेत माझे तिथे."
म्हटलं, पुस्तिका मी मागितली होती.
"मग शोधायची होतीस."
बावीस वर्षं उन्हात बसून याच माणसाचे रन लिहिले मी. एकही सोडला नाही.

१३, मंगळ.
क्लासात एका मुलीने विचारलं, "टीचर, पद्धत चुकली पण आकडेमोड बरोबर असेल तर मार्क मिळतात?" उगाच खेकसले तिच्यावर.

१४, बुध. संक्रांत.
संध्याकाळी सावंत आले, शीवहून, तिळगुळाची पुडी घेऊन. यांच्या पाया पडले. मग मला म्हणाले, "वहिनी, सॉरी हां. तुम्ही सगळं बरोबर काढून दिलं होतंत, मीच माती केली. साहेबांची शेवटची स्पर्धा होती हो."
आणि हे, त्यांच्या पाठीवर हात ठेवून, "जाऊ दे रे. होतं असं."
माफ करून टाकलं त्यांना! माझ्यादेखत. किळस आली मला. यांची आली, त्याहून जास्त माझी, कारण मी तिळगूळ हातावर ठेवत होते आणि गोड बोला म्हणत होते.
सावंत चप्पल घालायला लागले तेव्हा म्हटलं, "सावंत, एक मिनिट." हे लगेच दारात येऊन उभे राहिले. मग मी एवढंच म्हटलं, "मिसेसना आणा एकदा."
आता साडेआठ. हे खाली मंडळात गेलेत, नऊला येतील. सावंतांना फोन लावला, उचलला नाही. बसमध्ये असतील. परत लावते.