मालनबाईंना पहिला तास नको

८ मार्च १९८८, मंगळवार

हात माझाच आहे. घड्याळाचा पट्टा तुटला होता तेव्हा मी तो काळ्या दोऱ्याने शिवला होता, तो टाका फोटोत स्वच्छ दिसतोय. चंद्रप्रकाशने माहितीपत्रक छापून आणलंय – गुळगुळीत कागद, चार रंग. ‘शाळांसाठी संगणक’. पहिल्याच पानावर कीबोर्ड, आणि कीबोर्डवर माझा हात. मनगटाच्या वर कापलेला. खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत – संकल्पना आणि निर्मिती : चंद्रप्रकाश.

चार वर्षं त्याच्या कंपनीत काढली. शाळेच्या वेळापत्रकाचा प्रोग्राम मी लिहिला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. दिवाळीआधी विचारलं, यावर माझं नाव कुठे? तर सगळ्या ऑफिससमोर म्हणाला, “वनमाला, टाइप करणाऱ्याचं पुस्तक होत नाही.” लोक हसले. मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने कपाटाचं कुलूप बदललं. माझ्या फ्लॉप्या आत.

माहितीपत्रक स्वयंपाकघरात मसाल्याच्या फळीला टाचणीने लावलं. आई म्हणाली, “ह्या कित्याक हंय?” म्हटलं, कशाला म्हणजे, असू दे इथंच. रोज दिसायला हवं.

९ मार्च

त्याला सगळ्यांसमोरच पाडायचं. एकटा असताना नाही.

१४ मार्च, सोमवार

नंदा आली. माझ्यामागोमाग महिन्याभरात तीही तिथून बाहेर पडली, पण तिथल्या ऑपरेटर मुलींशी तिचं बोलणं आहे. बातमी अशी – सात शाळांची एक संस्था आहे, सांताक्रूझपासून दहिसरपर्यंत पसरलेली. त्यांना जूनपासून वेळापत्रक संगणकावर हवंय. २ मेला संस्थेच्या ऑफिसात प्रोग्राम करून दाखवायचा. चंद्रप्रकाश जाणार. आणि त्याने ऑफिसात पेढे आत्ताच वाटले!

दाखवायला कोणीही येऊ शकतं. मी नंदाला म्हटलं, आपण जायचं.

“कशाच्या जोरावर? आपल्याकडे मशीन पण नाही, यार.”

मशीनचं संध्याकाळपर्यंत जमवलं. अंधेरी स्टेशनसमोर अंबादासमामांचे टायपिंगचे वर्ग आहेत. त्यांनी हौसेने एक संगणक घेऊन ठेवलाय, त्यावर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरवर हळदकुंकू. दुपारी एक ते चार वर्ग रिकामे असतात. मामा म्हणाले, “वापर. पण कुंकू पुसू नकोस.”

नंदाला गुणपत्रिका पण हवी, प्रवेश पण हवेत, हजेरी पण हवी. मी म्हटलं, फक्त वेळापत्रक. एकच गोष्ट. बाकी लंगडं असलं तरी चालेल, पण ती एक गोष्ट खऱ्या शाळेत, खऱ्या शिक्षकांवर चालवून बघायची. त्याने आजवर एकदाही तसं केलेलं नाही. खोट्या नावांवर चालवायचा.

आणि पहिली ओळ काय लिहिली? प्रत्येक कागदाच्या तळाला आपोआप छापून येईल अशी – संकल्पना आणि निर्मिती : वनमाला. प्रोग्राम अजून शून्य आहे, पण नाव छापून येतं.

२२ मार्च, मंगळवार

बोरिवलीला माझ्या जुन्या शाळेत गेले. ती याच संस्थेची. राजाराम सर आता सुपरवायझर आहेत. मला आठवीत बीजगणित शिकवायचे. तांबडी पेन्सिल अजून कानावरच.

बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक तेच करतात. मे महिन्यात, घरी, जमिनीवर चादर अंथरून. बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे – प्रत्येक शिक्षकाचा एक रंग, प्रत्येक तासाचा एक तुकडा. अकराशेच्या वर तुकडे. मांडायचे, उचलायचे, परत मांडायचे. तीन आठवडे लागतात. मी म्हटलं, सर, माझं मशीन अर्ध्या तासात करेल.

“करून दाखव,” म्हणाले. चिडले नाहीत, हसलेही नाहीत. शिक्षकांची आणि वर्गांची यादी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली.

३० मार्च, बुधवार

चाललं! चाळीस मिनिटं. कुठेही एक शिक्षक एका वेळी दोन वर्गांत नाही. नंदाने टेबलावर थाप मारली, मामांचं कुंकू सांडलं.

३१ मार्च

सरांनी कागद मांडीवर घेऊन एकेक वार बोटाने तपासला. तांबडी पेन्सिल हातात होती, पण कागदाला लागली नाही. म्हटलं, जिंकलो.

“चूक एकही नाही,” सर म्हणाले. “पण हे चालणार नाही.”

का? तर सांगेनात. नुसतं मालनबाईंच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, “ह्यांना पहिला तास नको.” का नको? “नको म्हणजे नको.” मग कुंडलिक सरांच्या नावावर बोट, मग धोंडू सरांच्या. एकोणीस ठिकाणी बोट ठेवलं.

इतका राग आला की घरी येऊन पोळी पण गिळवेना. एकोणीस हट्ट! आणि मग लक्षात आलं – चंद्रप्रकाशला हे एकोणीस कधीच कळणार नाहीत. त्याच्याकडे माझा जुना प्रोग्राम आहे, आणि जुन्या प्रोग्रामला फक्त टक्कर टाळता येते. मला सरांच्या डोक्यातलं हवंय.

६ एप्रिल, बुधवार

आज सर बोलले. शाळा सुटल्यावर, रिकाम्या दहावी ‘ड’च्या वर्गात, दार लोटून घेऊन.

मालनबाईंचा नवरा मस्कतला आहे असं सगळ्या स्टाफरूमला वाटतं. तो मस्कतला नाही. घरीच आहे, डोक्याने आजारी. एकटा ठेवता येत नाही. बाई रोज सकाळी त्याला दहिसरला भावाकडे पोचवून मग शाळेत येतात. कुंडलिक सर आणि शांताबाई – दोघांचं लग्न ठरत होतं, जातीवरून घरच्यांनी मोडलं. नऊ वर्षं झाली. एकाच्या तासानंतर दुसऱ्याचा तास त्याच वर्गात लावला की दारात समोरासमोर यावं लागतं. सर तो कधी लावत नाहीत. धोंडू सरांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. संस्थेला कळलं तर दाखला मागतील. म्हणून त्यांना मोठे वर्ग नाहीत.

“ह्यांना माहितेय, तुम्ही हे करता ते?” मी विचारलं.

“मालनबाईंना वाटतं दरवर्षी योगायोगाने पहिला तास मोकळा येतो.”

मग डस्टर घेऊन फळा पुसला. म्हणाले, “माझी दोन वर्षं राहिली. माझ्यानंतर हे कोण करणार, हाच घोर होता. तुझ्या मशीनला शिकव. पण एक – नियम लिही. कारण लिहायचं नाही. कुठेच नाही. अगं, मी बावीस वर्षांत कागदावर कारण लिहिलेलं नाही.”

मी म्हटलं, शब्द दिला.

८ एप्रिल

एकोणीस नियम टाकले. सगळे सारखेच दिसतात – अमक्याला तमका तास नको. कुठला कशासाठी तेच कळेना, दोनदा चुकीचा पुसला. म्हणून शेजारी शेऱ्याचा एक रकाना केला. नाव, नियम, कारण. फक्त माझ्यासाठी. काम झालं की काढून टाकेन.

१५ एप्रिल, शुक्रवार

सरांच्या घरी जाऊन नवं वेळापत्रक त्यांच्यासमोर ठेवलं. शेऱ्याचा रकाना अर्थातच छापला नव्हता. त्यांनी मालनबाई बघितल्या, कुंडलिक, शांताबाई, धोंडू. परत मालनबाई. चष्मा काढला. “हे मीच मांडल्यासारखं आहे,” म्हणाले. मला आतून चहा आणून दिला, स्वतः.

खूप बरं वाटलं. पण खरं लिहायचं तर त्या क्षणीसुद्धा मी चंद्रप्रकाशचं तोंड डोळ्यांसमोर आणत होते.

२१ एप्रिल, गुरुवार

तो भेटलाच. अंधेरीला, प्रिंटरचा कागद विकतात त्या दुकानात. सफारी सूट, हातात गाडीची किल्ली. “काय गं, अजून वेळापत्रकच? नवीन काहीतरी कर ना.” मग दुकानदाराकडे वळून, “आमच्याकडेच शिकली ही.”

मी कागद घेतला आणि बाहेर पडले. गठ्ठा घड्याळाच्या हातात धरला होता. तोच – फोटोतला.

२९ एप्रिल

सगळं एकदा छापून बघितलं. शेऱ्याचं पान पण बाहेर आलं. नंदाने वाचलं आणि पान उलटं घातलं. “वनमाला, ही कारणं कशाला ठेवलीस? काढ ती. आत्ता काढ.”

म्हटलं, काढते. ते पान काढायला दहा मिनिटं लागली असती. चार वाजले, मामांची बॅच आली. राहिलं.

२ मे, सोमवार

सगळं लिहायचंय, नीट, क्रमाने.

संस्थेचं ऑफिस, सांताक्रूझ. लांब टेबल, चिटणीस आणि सात मुख्याध्यापक. राजाराम सर नव्हते, सुपरवायझरना बोलावलंच नव्हतं. चंद्रप्रकाश आधी. अकरा मिनिटांत बोरिवलीच्या शाळेचं वेळापत्रक! लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर गुणपत्रिका, वर हजेरी, वर रंगीत माहितीपत्रक प्रत्येकाच्या पुढ्यात. आठ माहितीपत्रकं. माझे आठ हात.

मग आम्ही. चाळीस मिनिटं. नंदा मध्ये मध्ये काहीबाही बोलत राहिली. कागद आला. चिटणीस म्हणाले, “हेही तेच दिसतंय. मग ह्यात वेगळं काय?”

चंद्रप्रकाश खुर्चीत मागे रेलला. “साहेब, वेगळं कसं असेल? बाई माझ्याकडेच टायपिंग करायच्या.”

आणि मी शेऱ्याचं पान छापलं.

नंदाने माझा दंड धरला होता. मी सोडवला. प्रिंटर कर्कश आवाज करत होता तेवढा वेळ मी त्याच्याकडेच बघत होते. कागद फाडला, चिटणीसांपुढे ठेवला. म्हटलं, त्यांच्या वेळापत्रकात मालनबाईंना सोमवारी पहिला तास आहे. विचारा त्यांना, का चालणार नाही ते. विचारा, कुंडलिक सरांनंतर शांताबाई का चालत नाहीत. त्यांचं मशीन तास मोजतं, माझं माणसं ओळखतं.

तो तोंड उघडून बसला. एका मुख्याध्यापकांनी विचारलं, “काय हो, उत्तर आहे?” तर कपाळ पुसायला लागला. सगळ्यांसमोर. अगदी जसं हवं होतं तसं.

काम आम्हाला मिळालं. सातही शाळा. निघताना चिटणीस म्हणाले, “दोन्ही कागद ठेवून जा.” ठेवले.

३ मे

काल घरी आल्याबरोबर माहितीपत्रक फळीवरून काढून चुलीत घातलं. गुळगुळीत कागद, नीट जळतसुद्धा नाही. आईने विचारलं, “जेवतलंस मा आता?” तीन भाकऱ्या खाल्ल्या.

११ मे

करारावर सही. नंदाने केली नाही. म्हणाली, तू एकटीच कर.

सरांना कळवायला बोरिवलीला गेले होते. घर बंद. शेजारच्या बाई म्हणाल्या, गावाला गेलेत, यंदा वेळापत्रकाची कटकट नाही म्हणून बावीस वर्षांत पहिल्यांदा.

१५ जून, बुधवार

शाळा सोमवारी उघडल्या. आज बोरिवलीला गेले.

स्टाफरूमच्या फलकावर दोन कागद टाचणीने लावलेले. पहिलं वेळापत्रक. दुसरं शेऱ्यांचं. संस्थेने माझे दोन्ही कागद जसेच्या तसे पाठवले आणि क्लार्कने जसेच्या तसे लावले. तीन दिवस लागलेलं आहे ते. शेजारी चिटणीसांचं पत्र – शाळेत खाजगी सवलती चालणार नाहीत, सर्व एकोणीस रद्द. धोंडू सरांना कानाचा दाखला मागितलाय. मालनबाईंना रोज पहिला तास. रोज.

शांताबाई खिडकीकडे तोंड करून वह्या तपासत होत्या. कुंडलिक सर मी आल्यावर उठून बाहेर गेले. मालनबाई आल्याच नव्हत्या. कोणी मला बस म्हणालं नाही.

सर रजेवर आहेत, किती दिवस ते क्लार्कला माहीत नाही.

चूक चिटणीसांची आहे. कागद त्यांनी मागून घेतला. आणि चंद्रप्रकाशने त्या दिवशी तसं बोलायला नको होतं. तो बोलला नसता तर मी ते पान छापलंच नसतं.

१८ जून, शनिवार

शाळेचा शिपाई येऊन बुटाचा खोका देऊन गेला. सरांनी पाठवलाय. चिठ्ठी नाही. पुठ्ठ्याचे सगळे तुकडे, रंगवार रबर लावून. वर माझं शेऱ्याचं पान, चौघडी घातलेलं. एकोणीस ओळींपैकी कशालाच हात लावलेला नाही. फक्त तळाला, जिथे माझं मशीन आपोआप छापतं – संकल्पना आणि निर्मिती : वनमाला – तिथे माझ्या नावाखाली तांबड्या पेन्सिलीची एक रेघ.