साडेसहा लिटर

४ मार्च, मंगळवार

दादा चालला. कायमचा. आज जिन्यात वहिनीने सांगितलं. "भाऊजी, रविवारी निघतोय आम्ही. आता लेकीकडेच राहायचं ठरलंय. गाडीही नेतोय. चालेल ना?" खालच्या मजल्यावर तो, वरच्या मजल्यावर मी, आणि सख्खा भाऊ घर सोडतोय हे मला जिन्यात कळतं! म्हटलं, चालेल. न चालून सांगतो कुणाला.

दोन वर्षं आम्ही बोलत नाही. निरोप असला की वहिनी वर येते, नाहीतर ही खाली जाते. दादाचं माझ्याशी शेवटचं वाक्य पुलाच्या चढावरचं. आईला इस्पितळात नेत होतो. इंजिन कडकड वाजलं आणि जाम झालं. आई मागच्या सीटवर, श्वास वरचा वर. दादाने बॉनेट उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, "एक तेल बदलायचं काम तुझ्याकडे होतं." बस. दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. आई तेवढं थांबली नाही.

काम माझ्याकडेच होतं. तेल आम्ही घरीच बदलायचो, एक वर्ष तो, एक वर्ष मी. त्या वर्षी पाळी माझी. पुढच्या रविवारी करू, पुढच्या रविवारी करू म्हणत दोन महिने काढले. यात कुणाला दोष देऊ?

५ मार्च, बुधवार

झोप नाही. माफी मागून झालीय — वहिनीकडून दोनदा. एकदा स्वतः पाया पडायला गेलो तर उठून आतल्या खोलीत गेला. दार लावून घेतलं.

रविवारनंतर तर समोरही दिसणार नाही.

६ मार्च, गुरुवार

ठरवलं. जायच्या आधी गाडीचं तेल मी बदलणार, फिल्टरसकट. गाडी दुरुस्त होऊन आल्यापासून बॉनेटला हात लावलेला नाही. सगळं दादाच बघतो. पण लांबचा पल्ला आहे, तेल बदलायला झालंय. दुसरं काही माझ्या हातात उरलेलं नाही.

वहिनीबरोबर निरोप धाडला. परत येऊन म्हणाली, "मान हलवली."

"हो म्हणून की नाही म्हणून?"

"तीस वर्षांत मला ते कळलं असतं तर अजून काय हवं होतं, भाऊजी."

बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तेल बदललं म्हणून माणूस बदलतो का?" तिचं बरोबर आहे. तरी पण.

७ मार्च, शुक्रवार

फिल्टर आणला. तेलाचा डबाही आणला. दुकानदाराने कुठली गाडी विचारलं, मी सांगितलं, त्याने डबा पुढे केला. बास.

८ मार्च, शनिवार

दुपारी चारला सुरुवात केली. आधी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं — गरम तेल पातळ होतं, मळ घेऊन उतरतं. धूड उंच आहे, जॅक लागत नाही. पुठ्ठा अंथरून पाठीवर सरकलं की तेल सोडायचा नट हाताला येतो. सरकता येतं, बाहेर निघता येत नाही, ते वेगळं. कंबरेने बंड पुकारलं.

नट सुटला. काळंकुट्ट तेल आधी धारेने, मग थेंबाथेंबाने. मनगट भाजलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

थेंब मोजत पडलो होतो तेव्हा दादाच्या चपला दिसल्या. डावी जास्त झिजलेली. चाकाशी येऊन थांबल्या. वाटलं, आता काहीतरी बोलेल — पाना नीट धर म्हणेल, शिवी देईल, काहीही. गाडीखालून चपलांना काय बोलायचं ते मलाही सुचेना. मिनिटभर उभ्या राहिल्या आणि गेल्या. तसाच पडून राहिलो. रडू आलं. गाडीखाली रडायचं म्हणजे पाणी कानात जातं.

जुना फिल्टर सुटता सुटेना. हाताने नाही, पट्ट्याने नाही. शेवटी स्क्रू-ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवला. उरलेलं तेल बाहीत शिरलं. नव्याच्या रबराला बोटाने तेल लावलं, हाताने घट्ट केला. नट नव्या वायसरवर आवळला. दोनदा तपासला. तीनदा.

आणि मग लक्षात आलं — डबा पाच लिटरचा. लागतं साडेसहा! दीड लिटर कमी! एवढी वर्षं हे तेल बदलतोय आणि आकडा विसरलो. धावत गेलो तर दुकान बंद. अर्धवट भरण्यापेक्षा कोरडीच ठेवली. सकाळी एकदम भरू.

पण पहाटे दादाने गाडी सुरू केली तर? चिठ्ठी लावावी म्हणून बसलो. 'तेल भरलेलं नाही, सुरू करू नये' एवढंच लिहायचं. पण वर काय? 'दादा' लिहिलं. फाडलं. ज्याला दोन वर्षांत हाक मारता आली नाही त्याला कागदावर कुठल्या तोंडाने मारू? नुसताच मजकूर लिहिला तर पाटीसारखा वाटला, एखाद्या बंद दुकानाच्या. तोही फाडला. चार कागद झाले. मग वाटलं, तसाही तो तेल तपासल्याशिवाय किल्ली फिरवत नाही. तेल मोजायची पट्टी कोरडी दिसली की कळेल. झोपायला आलो.

९ मार्च, रविवार

सगळं संपलं.

दुकान आठला उघडलं. दीड लिटर आणलं. नरसाळं लावून आधी मोठा डबा, मग छोटे. सावकाश ओतलं, थेंब सांडू दिला नाही. वहिनीच्या बॅगा ओट्यावर येऊन पडलेल्या. शेवटचा छोटा डबा रिकामा होताना दादा दारात आला, चहाचा कप हातात. मला वाटलं, बघू दे. नीट बघू दे.

मिनिटभर इंजिन चालवून मग पट्टी बघायची, ही पद्धत. किल्ली फिरवली. आधी आवाज जड आला. मग मागून निळा धूर, असा की गेट दिसेना. बंद करेपर्यंत खालून तेल वाहायला लागलं. फरशीभर. पट्टी ओढली तर मुठीपर्यंत तेल!

दादाकडे पाहिलं. तो माझ्या पायाशी पडलेल्या रिकाम्या डब्यांकडे बघत होता. चेहरा पांढरा पडलेला. कप ओट्यावर ठेवला आणि आत गेला.

थोड्या वेळाने वहिनी आली. "हे म्हणतात, आम्ही बसने जातो. गाडी राहू दे." मी म्हटलं, वहिनी, मी मुद्दाम नाही हो केलं. ती म्हणाली, "मुद्दाम केलं असं कोण म्हणतंय?" पण डोळे पुसत होती.

बारा वाजता रिक्षा आली. मी फरशी पुसत होतो. दादा माझ्या शेजारून गेला, ओल्या फरशीवरून पाय जपत. रिक्षात बसला. वळून पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही. हातात काळं फडकं घेऊन काय हाक मारणार.

संध्याकाळी

कचरा टाकायला खाली गेलो. त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले तेलाचे दोन रिकामे डबे. आमच्या दुकानातले नाहीत. एक पाचाचा, एक दोनाचा. दोनाच्यात तळाला थोडं शिल्लक.

म्हणजे पहाटे त्याने पट्टी ओढली. कोरडी. आणि मुकाट्याने साडेसहा लिटर भरलं. वर मी साडेसहा ओतलं. एक शब्द बोललं असतं कुणी — एक!

पण तेही नाही सलत. पहाटे दुकानं बंद, म्हणजे त्याने तेल आधीच आणून ठेवलं होतं, ते सलतं. निरोप गेला होता, मी करणार म्हणून. तरी आणून ठेवलं. मी विसरणार हे गृहीत धरलं होतं. आणि कोरडी पट्टी बघून त्याला काय वाटलं असेल? पुन्हा तेच. या माणसापायी आई गेली, अजून सुधारला नाही.

१० मार्च, सोमवार

खाली दिवा नाही. बायकोने सवयीने खालच्यांना भाजी काढून ठेवली.

१२ मार्च, बुधवार

मेस्त्री टो करून गाडी घेऊन गेला. मागच्या वेळी याच्याकडेच दुरुस्तीला होती. तेव्हा सगळं दादाने पाहिलं, मी आईचे दिवस घालण्यात होतो. गाडी बाहेर पडली तेव्हा फरशीवरचा डाग दिसला. घासून जात नाही. वहिनीचा पोचल्याचा फोन बायकोला आला. मला नाही.

वाटतं, हे असंच राहणार. तो तिकडे मरेल, नाहीतर मी इकडे. कुणीतरी फोन करून दुसऱ्याला कळवेल.

१३ मार्च, गुरुवार

मेस्त्रीकडे गेलो. म्हणाला, "सील गेलंय, बाकी इंजिन वाचलं. मागच्या वेळेसारखं नाही."

मी म्हटलं, मागच्या वेळी तेल मी बदललं नव्हतं, म्हणून जाम झालं.

तो हात पुसायचा थांबला. "कोण म्हणालं? तेल जुनं होतं, पण भरपूर होतं. आतला पंप फुटलेला. नवं तेल असतं तरी गाडी तिथेच बंद पडली असती, साहेब. तुमच्या भावाला तेव्हाच सांगितलं की. पंप हातात दिला त्यांच्या. बाकड्यावर बसून राहिले कितीतरी वेळ. म्हणाले, आता कसं सांगू त्याला."

दोन वर्षं दादाला ठाऊक होतं. मला वाटायचं, तो माझं तोंड बघत नाही.

सकाळच्या बसचं तिकीट काढलंय.