दुसऱ्या नवापूरला गेलेली दुर्बीण

३ नोव्हेंबर
रोजनिशी लिहावी असे माझ्या आयुष्यात फारसे काही घडत नाही. तरीही हे धाडस करते आहे, त्याबद्दल या कोऱ्या पानांची आधीच क्षमा मागते. तोंडाने जे बोलवत नाही, त्याला कुठेतरी जागा हवी.
दुर्बीण अजून आलेली नाही. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून बाबांसाठी मागवलेली. जुनी, पितळी, त्यांच्या पूर्वीच्या दुर्बिणीसारखी हुबेहूब. माझे पहिले तीन पगार त्यात गेले. घरात फक्त आईला ठाऊक.

६ नोव्हें.
संध्याकाळी बाबा ओट्यावर. मुठीची नळी करून डोळ्याला लावतात, समुद्राकडे पाहतात. होडी विकली त्या दिवशी घेणारा म्हणाला होता, "तांडेल, दुर्बीण होडीतलीच ना?" तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, पण बाबांना नाही म्हणवले नाही; दुर्बीणही गेली. (माझा भिडस्तपणा कुठून आला, हे वेगळे लिहायला नको.)
लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून तिच्यातून घिवली गावाकडचे दिवे पाहायचे. इतके जवळ यायचे की मी हात पुढे करायचे...

११ नोव्हें.
विक्रेत्याचा निरोप: वस्तू पोचली. ठिकाण: नवापूर.
इथे तर काहीच नाही. मग उमगले, आणि चक्क हसू आले. खानदेशातले नवापूर! सुरतेच्या आत्याचे दिवाळीचे कार्ड नेमाने तिकडे जायचे आणि होळीला आमच्याकडे यायचे. पाकिटावर कोणा अनोळखी टपालबाबूच्या पेन्सिलीने लिहिलेले असायचे, 'तारापूरजवळचे नवापूर पाहावे.' किती सुबक अक्षर! कार्डापेक्षा मला त्याचीच ओढ.
आई म्हणाली, "येईल गो. तिकडं आपली पत्रं पाहुणचार घेतल्याबिगर निघत नाय."

१९ नोव्हें.
विक्रेता: आणखी थोडे थांबावे. थांबते आहे. आम्हाला सवय आहे.

२६ नोव्हें.
कामावरून सुटून बोईसर, बँक. रांगेत उभी राहून मनात वाक्य रचले, खोडले, पुन्हा रचले. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, इसमें तो डिलिव्हर्ड दिखा रहा है. नवापूर. आप भी नवापूर."
मी "हो" म्हणून बाहेर आले. हो! शाळेत निबंधाची बक्षिसे घेणारी मुलगी.
शेजारच्या टेबलावरच्या बाई मागोमाग आल्या. "अगं, पैसे परत मागायची मुदत शुक्रवारी संपते. कार्डाच्या व्यवहारावर हरकत घे, वस्तू मिळाली नाही याचा पुरावा जोड. आणि वाट बघत बसू नकोस. मुदत टळायची वाट असले विक्रेतेच बघत असतात."
परतताना रिक्षात हेच डोक्यात. वाट पाहणे हा आमच्या गावाचा स्वभाव. त्या परक्या विक्रेत्याला तो कसा कळला?

२८ नोव्हें.
दुसऱ्या नवापूरच्या कुरियरवाल्यांना फोन. दोनदा घंटा वाजताच ठेवून दिला. तिसऱ्यांदा बोलले. तिकडचे भाऊ नोंद काढून म्हणाले, "ताई, ते तर कागदाएवढं पातळ पाकीट. नाव तुमचं नाही, पिनकोडही इथलाच. दुर्बीण कशी मावणार त्यात? मेलवर लिहून देतो, कोणालाही दाखवा."
म्हणजे ती वाट चुकलीच नव्हती. निघालीच नव्हती. पाकीट नुसते 'पोचली' म्हणवण्यापुरते.

२९ नोव्हें., शुक्रवार
अर्ज तयार. भाऊंचे पत्र जोडले; दोन नवापूर, दोन जिल्हे, दोन पिनकोड, सारे नीट मांडले. शेवटच्या रकान्यात मात्र अडले. तिथे लिहून द्यावे लागते: 'सदर वस्तू मला आता नको आहे.'
हे वाक्य काही केल्या हातून उतरेना. तिकडे गेलेले काहीही आजवर आम्ही नको म्हटलेले नाही.
ओट्यावरून बाबा: "काय गो, दुसऱ्या नवापूरचं आलं काय?"
आईच्या पोटात काही राहत नाही.
"नाय, बाबा."
"मंग किती दिस बघशील? ते काय आत्याचं कार्ड हाय?"
मी बाहेर गेले. त्यांनी मुठीची नळी केली आणि या वेळी माझ्या डोळ्याला लावली. तळव्याला तंबाखूचा वास. "तो लाल दिवा. दिसतो काय?"
"दिसतो."
"जवळ?"
"जवळ."
"मंग झालं."
आत येऊन ते वाक्य लिहिले. बँक काय म्हणेल, कोण जाणे.
अर्ज पाठवला: २९ नोव्हेंबर, सायंकाळी ७ वाजून ४२ मिनिटे.