मोस्यूचा पिंजरा

सां-क्लेर, लुइझियाना
२१ ऑक्टोबर २०१९

प्रिय व्हर्ना,

गुरुवार, १० ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. ही वेळ मुद्दाम सगळ्यात आधी लिहिली आहे. तिच्याकडे येतेच.

अंजिराच्या मुरंब्याची बरणी पोचली. माझं कंबरेचं मोडलेलं हाड जुळतंय, काठी घेऊन अंगणापर्यंत जाते. डॉक्टर म्हणाला, "मॅडम, तुमची जीभ हाडाच्या आधी बरी झाली."

हॉस्पिटलातून घरी आले तर मोस्यूचं भांडं धुऊन पालथं घातलेलं. फोनवर तू म्हणालीस, "त्याला एका शेतावर दिलंय गं. तळं आहे, बदकं आहेत, मजेत आहे." मोस्यू कुत्रा असून बदकांना घाबरायचा, व्हर्ना. शेतमालकाचं नाव विचारलं की तुझ्या चुलीवर काहीतरी करपायला लागायचं. शेवटी शनिवारी शेजारच्या कर्टिसला म्हटलं, मला कुत्र्यांच्या शेल्टरवर ने. तिथून कोणी अर्ध्या कानाचा काळा कुत्रा नेलाय का, विचारू.

खिडकीशी जनेल नावाची मुलगी होती. "त्याला कोणी नेलं नाही, बाई," ती म्हणाली. "तुमची बहीण घेऊन आली होती. मी विचारलं, रस्त्यावर सापडला की घरचा? त्या म्हणाल्या, घरचा. आमच्याच घरचा."

सापडलेला कुत्रा तीन दिवस ठेवावा लागतो, मालक शोधत येईल म्हणून. घरच्यासाठी कोण येणार? त्याचा मालकच त्याला सोडून गेलेला. पिंजरे भरले होते. त्याच सकाळी त्याला मरणाची सुई दिली. अकरा वीसला.

मी जनेलला जे बोलले ते ऐकून आपल्या शाळेतल्या नन्सनी माझं तोंड साबणाने धुतलं असतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आत या."

मोस्यूच्या पिंजऱ्यात एक कुत्री पिल्लांना पाजत पडली होती. "ही त्याच दुपारी आली," जनेल म्हणाली. "आता तुम्हीच सांगा बाई, त्याच्याऐवजी कोणाला मारू? बोट दाखवा."

एक म्हातारा पिवळा कुत्रा जाळीला नाक लावून शेपूट हलवत होता. मी त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघितलंही नाही. गाडीत येऊन बसले. कर्टिसने रेडिओ लावला, तो मी बंद केला.

जागा नाही म्हणून धडधाकट जनावर मारणं हे पाप आहे, हे मी अजूनही म्हणते. पण ते त्या एकट्या मुलीच्या माथी मारता येत नाही. गावभर कुत्री आणून तिच्या दारात सोडणारे आपण, आणि रात्री निवांत झोपणारेही आपणच. तिच्यावर धड रागावता येत नाही, आणि तिला माफही करवत नाही.

तू म्हणशील, "ओडील, तो पायात आला असता, तू परत पडली असतीस." मी ओल्या पायरीवरून पडले. तो माझ्याजवळ बसून भुंकत राहिला, म्हणून कर्टिस धावत आला. हे तुला मी हॉस्पिटलात सांगितलं होतं. तू मान हलवलीस.

सिस्टर ओनोरीनने आपल्याला पट्टी मारून खरं बोलायला शिकवलं. तू खिडकीशी खरं बोललीस आणि मला खोटं. उलट केलं असतंस तर तीन दिवस मिळाले असते, आणि तो आज माझ्या पायाशी असता.

मला एवढंच सांग. दोरी त्या मुलीच्या हातात देताना, त्याचं काय होणार हे तुला माहीत होतं का? होय किंवा नाही. फोनवर नको, तिथे तुझी चूल पेटते. स्वतःच्या हाताने लिही, आणि ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळपर्यंत माझ्या टपालपेटीत पडू दे.

दुसऱ्या दिवशी ऑल सेंट्स आहे, थडगी पांढरी करायचा दिवस. ममा-पपांच्या थडग्याला चुना लावायला मी काठी टेकत का होईना, जाणार. 'होय' आलं तरी दोन ब्रश नेईन, एक तुझ्यासाठी. काहीच आलं नाही, तर एक.

तुझी, अजून तरी,
ओडील