रांगेतला पहिला

७ मार्च, शनिवार दुपार

चि. मुंगी,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. ज्युदो हॉलच्या मागच्या नळाला एकदाची नवी तोटी बसवली. फोन केला की तुझी आई म्हणते, "ती झोपलीय." चार वाजता झोपणाऱ्यांतली तू नव्हेस. म्हणून हे पत्र, आज संध्याकाळीच तुमच्या दाराखालून सरकवीन.

तुझ्या हातावरचा तो गोल चट्टा आठवतो? कड लाल, खवलेदार, मधे जरा साफ. मी खणातली एक ट्यूब काढून दिली. चार दिवसांत लाली उतरली, तेव्हा मीच मिरवलो, "बघ, मामा अर्धा डॉक्टर आहे!" मग तो मानेवर, पाठीवर पसरला. आणि त्या मंगळवारी, रोजच्या नखं-कातडीच्या तपासणीत, बावीस पोरांसमोर तुला रांगेबाहेर काढून मी बोललो, "घरी टॉवेल धूत नाहीत का?"

माझ्याच सख्ख्या बहिणीच्या घराला नावं ठेवली मी. पोरांनी तुझ्याशेजारी बसणं सोडलं, तेही पाहिलं. पुढचा डाव शिकवत राहिलो.

काल तुला औषध देणाऱ्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे मीही गेलो. माझ्याजवळची तसलीच ट्यूब पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "यात स्टेरॉइड आहे. लाली दबते नि नायटा खुशाल पसरतो. तुम्ही ही कशासाठी आणली होती?"

पहिल्या ओळीपासून हेच लिहायचं टाळतोय.

सहा महिने झाले, माझ्या पायांच्या बोटांच्या बेचक्यात खाज आहे. कातडी पांढरी, ओली, चिरलेली. लाजेपोटी कुणाला बोललो नाही. ट्यूब चोळायची, मोजे घालून हॉलवर यायचं आणि अनवाणी मॅटवर उतरायचं. डाव दाखवायला घरची म्हणून दरवेळी तुलाच पुढे घ्यायचं. सगळ्यांची नखं-कातडी मी तपासली. माझे पाय बघायची कुणाची छाती होती? बाईंनी कातडी खरवडून भिंगाखाली पाहिली. बुरशीच. "बहुतेक इथूनच गेलं पोरीला," म्हणाल्या.

तू घाणेरडी नव्हतीस गं. ओल, घाम नि स्पर्श, एवढं याला पुरतं. आता चट्टा दिसेनासा झाला तरी बाईंनी सांगितलेल्या दिवसापर्यंत औषध सोडू नकोस. टॉवेल वेगळा ठेव. तुझ्याकडची ती ट्यूब फेकून दे.

स्पर्धेच्या संघाची निवड उद्या आहे, आणि तुला अजून पंधरा दिवस मॅटवर मनाई. तुझी वर्षभराची मेहनत मी मातीत घातली. निवड समितीला खरं कारण माझ्या सहीने कळवलंय. ते ऐकतील असं खोटं सांगत नाही. पण तू ज्युदोच सोडतेस असं आई म्हणाली, म्हणून एक मागणं आहे.

सोमवारी साडेपाचला रांग लागेल. पहिला मी असेन, मोजे काढून. पोरांना सगळं सांगेन. तपासणी तू कर, मॅटबाहेर उभी राहून. मला रांगेबाहेर काढायचं झालं तर मोठ्याने काढ. मी तुला काढलं होतं तेवढ्याच मोठ्याने.

पाय पुढे करून उभा असलेला,
तुझा मामा